मंगलचे आठ महिने

बाई, काल तुमच्या शोकसभेत मला 'दोन शब्द बोला' म्हणाले आणि मी उठले नाही. शेजारच्या सेविकेनं कोपरानं ढोसलं, तरी पदर सावरत खाली बघत राहिले. लोकांना वाटलं, सुमनबाईंना भरून आलं. भरून वगैरे काही आलं नव्हतं. उठले असते तर तुमच्या फोटोवरचा हार उतरवायची वेळ आली असती, म्हणून बसून राहिले.

सभा त्याच हॉलमध्ये होती, जिथं दर महिन्याला तुम्ही आम्हा सेविकांच्या बैठका घ्यायचात. नवे साहेब आले होते, ज्यांनी तुम्हाला जेमतेम वर्षभर पाहिलं. ते म्हणाले, "बाईंनी आपल्या विभागात चौथ्या श्रेणीचं एकही मूल राहू दिलं नाही." सगळ्यांनी माना हलवल्या. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, तुमच्या वाट्याला तर काल अख्खी डेअरी आली.

तर जे काल बोलले नाही ते आज दुपारी अंगणवाडी सुटल्यावर लिहायला बसले आहे. तुम्ही आमच्या मुख्यसेविका होतात. माझं वाक्य अर्ध्यावर तोडायची तुमची जुनी सवय. आज ते जमणार नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते.

मी अमळनेरची, सातवी पास, लग्न होऊन गिरणाकाठच्या या गावात आले आणि इथली अंगणवाडी सेविका झाले. नवऱ्याला वाटलं, मुलं सांभाळायचं काम आहे, करू दे. तुम्ही आलात पहिल्यांदा तेव्हा नदीची वाळू तुडवत, चपला हातात घेऊन आला होतात. ओसरीवर बसलात, कळण्याची भाकरी आणि भरीत मागून घेऊन खाल्लंत, आणि मग आढ्याला काटा टांगून पहिलं मूल कसं तोलायचं ते दाखवलंत. बाया पोरं द्यायला तयार नव्हत्या. पोराचं वजन केलं की दृष्ट लागते म्हणायच्या. तुम्ही काय केलंत? चुलीतला कोळसा मागवून प्रत्येक पोराच्या गालाला आधी काळं बोट लावलंत आणि मग काट्याला अडकवलंत. त्या दिवशी मला तुम्ही फार आवडला होतात. हे खोटं बोलून उपयोग नाही.

मग तुम्ही मला कार्ड शिकवलंत. कार्डावर वाकड्या रेघा. खाली मुलाचं वय, बाजूला वजन, आणि दोन्ही जुळतील तिथं एक ठिपका. ठिपका वरच्या रेघेच्या वर पडला तर मूल ठणठणीत. जसजसा रेघा उतरत खाली गेला तशी पहिली, दुसरी, तिसरी, चौथी श्रेणी. तिसरी-चौथी म्हणजे मूल वाळत चाललंय. त्याला सुकडी, म्हणजे अंगणवाडीतला पौष्टिक खाऊ, दुप्पट द्यायची, आणि डॉक्टर गावात येतील तेव्हा त्यांच्या यादीत त्याचं नाव आधी लिहायचं. एवढी साधी गोष्ट. मला तर वाटायचं, देवानं माझ्या हातात पेन्सिल दिली आणि सांगितलं, ज्याला भूक जास्त त्याच्या नावापुढं खूण कर.

पण वजन काट्यावर दिसतं, वय कुठं दिसतं? कुणाकडं जन्माचा दाखला नव्हता. ते काढायची विद्या तुमचीच. आईला तारीख विचारायची नाही, सण विचारायचा. आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आधी की नंतर? पोळ्याला पोट केवढं होतं? त्याच महिन्यात गल्लीत आणखी कुणाला मूल झालं? असं दोरा धरून मागं मागं जायचं आणि महिना पकडायचा. प्रशिक्षणात तुम्ही हे स्वतःवरच करून दाखवलं होतंत. म्हणालात, "शाळेच्या दाखल्यावर माझा जन्म एक जूनचा आहे. मास्तरांच्या हिशेबात सगळी पोरं एक जूनलाच जन्मतात. खरा दिवस काढा." आम्ही विचारत गेलो. तुमची आई म्हणायची, कानबाई उठवली त्या सकाळची पोरगी, म्हणजे श्रावणात देवीच्या विसर्जनाच्या दिवसाची. कोणत्या वर्षीची कानबाई? धाकट्या मामाचं लग्न झालं त्याच्या पुढच्या श्रावणातली. आणि मामाच्या लग्नाची पत्रिका तुम्ही जपून ठेवली होती, ती पिशवीतून काढून आमच्यापुढं धरलीत. तुम्ही कागदापेक्षा दोन वर्षांनी मोठ्या निघालात. सगळ्याजणी हसलो. तुम्ही पण हसलात. म्हणालात, "मुलाचं वय म्हणजे त्याचं स्वतःचं असतं. ते चुकवायचा अधिकार कुणाला नाही."

हे वाक्य मी पाठ केलं होतं, बाई.

आता मंगल. मंगल म्हणजे शेवंताची धाकटी. नवरा सुरतेला मिलमध्ये, शेवंता केळीच्या मळ्यात घड वाहायला. मोठी मुलगी शाळा सोडून मंगलला कडेवर घेऊन हिंडायची. मंगल आखाजीच्या दिवशी झाली होती, याला साक्षीदार म्हणजे सगळी गल्ली, कारण बाया झोक्याची गाणी म्हणत असताना शेवंताला कळा आल्या होत्या. तिचं वय काढायला मला दोरा धरायची गरजच पडली नाही. मी कार्डावर लिहिलं, आखाजी. पुढच्या संक्रांतीला अंगणवाडीत सगळ्या तान्ह्या पोरांचं बोरन्हाण केलं, तेव्हा ती आठ महिन्यांची होती. तुम्ही भेटीला आला होतात. तिच्या डोक्यावर बोरं तुम्ही ओतलीत. तिनं एक बोर उचलून थेट तोंडात घातलं आणि तुम्ही बोट घालून ते काढलंत. आठवतं ना? मला आठवतं, कारण पुढं काय झालं ते मला माहीत आहे.

ती दोन वर्षांची झाली तेव्हा वजन भरलं सात किलो. ठिपका तिसऱ्या श्रेणीत. मी दुप्पट सुकडी चालू केली. ती वाटीला चिकटलेली सुकडी बोटानं निपटून खायची आणि मग रिकामी वाटी डोक्यावर टोपीसारखी घालायची. चार आठवड्यांत पोरगी वाकून न बसता ताठ बसायला लागली. एवढंच, जास्त काही सांगत नाही. पण ते मी पाहिलं.

त्याच महिन्यात बैठकीत तेव्हाच्या साहेबांनी तुम्हाला सगळ्यांसमोर उभं केलं. "तुमच्या विभागात तिसऱ्या श्रेणीची मुलं वाढलीच कशी?" तुम्ही म्हणालात, "साहेब, आमच्या सेविका खरं वजन करतात." ते म्हणाले, "मग बाकीच्या काय खोटं करतात? काम होत नसेल तर सांगा." तुमचा चेहरा पांढरा पडला. त्या वेळी मला तुमचा अभिमान वाटला होता. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी तुम्ही माझ्या ओसरीवर होतात, कोऱ्या कार्डांचा गठ्ठा घेऊन.

भाकरी नको म्हणालात. रजिस्टर काढायला लावलंत.

"ही मंगल. वय किती लिहिलंय?"

"दोन वर्षं. आखाजीची आहे."

"कशावरून?"

"बाई, तुम्हीच तर..."

"आई शिकलेली आहे का?"

"नाही."

"मग तिला काय ठाऊक? संक्रांतीची असेल." आणि तुम्ही कोरं कार्ड माझ्यापुढं सरकवलंत. "सोळा महिन्यांच्या मुलाला सात किलो म्हणजे दुसरी श्रेणी. घ्या लिहून."

मी म्हटलं, वजनच बदला ना मग, एवढी खटपट कशाला. तेव्हा तुम्ही जे बोललात ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही. "वजनाला हात लावायचा नाही, सुमनबाई. काटा घेऊन उद्या कुणीही येईल आणि पुन्हा मोजेल. वयाचा काटा कुणाकडे आहे?"

वयाचा काटा आमच्याकडे होता, बाई. तुम्हीच दिला होतात. दुसऱ्या कुणाला ही युक्ती सुचलीच नसती. वय कसं सापडतं हे जिला पक्कं ठाऊक, तिलाच ते कसं हरवायचं हे कळतं.

"संक्रांतीला तिचं बोरन्हाण झालं," मी म्हटलं. "तुम्ही बोरं ओतली होती."

तुम्ही माझ्याकडं बघितलं. एक क्षण वाटलं, आता कार्ड उचलून घेतील. तुम्ही म्हणालात, "दुसरी कुठली तरी पोरगी असेल ती."

आणि मी लिहिलं. हेही सांगायला हवं, नाहीतर ही नुसती तुमची चहाडी होईल. पेन माझ्या हातात होतं, अक्षर माझं आहे, तुम्ही फक्त समोर बसला होतात. माझी नोकरी जाईल असं तुम्ही म्हणाला नव्हतात. पण मी ते ऐकलं होतं. त्या दुपारी पाच मुलांची कार्डं नवी झाली. ठिपके एकेक करून डावीकडं सरकवले आणि पाचही पोरं तासाभरात सुधारली. जुन्या कार्डाच्या मागं मी लिहिलं होतं, मंगल चालायला लागली. ती तारीख तशीच नव्या कार्डावर उतरवली. म्हणजे नव्या कार्डाप्रमाणं मंगल सहा महिन्यांची असताना चालायला लागली. तालुका, जिल्हा, त्याच्या वरती, कुठल्याही टेबलावर कुणाला हे खटकलं नाही. कार्ड कुणी वाचतच नव्हतं. बेरीज तेवढी वाचत होते.

"जुनी चुलीत घाला," असं सांगून तुम्ही एसटी गाठायला निघालात.

दुसऱ्या दिवशी मंगलनं नेहमीसारखी दुसऱ्यांदा वाटी पुढं केली. मी म्हटलं, संपलं. ती समजली नाही. वाटी डोक्यावर घालून माझ्याकडं बघत हसली. तिला वाटलं, मी खेळतेय. तुम्ही म्हणाल, चोरून दिली असती. दिलीही दोन-चार दिवस. मग दुप्पट घेणाऱ्यांची यादी आणि उरलेली पोती जुळवायला तुम्ही स्वतः आलात, आणि माझा हात आखडला.

आषाढात डॉक्टर गावात आले. यादी त्यांच्या हातात, यादीतली मुलं रांगेत. मंगल रांगेत नव्हती, उंबऱ्यावर बसून बाकीच्यांची जीभ बघण्याचा कार्यक्रम बघत होती. तिनं स्वतःहून डॉक्टरांना जीभ दाखवली. डॉक्टर हसले आणि पुढच्या मुलाकडं वळले. त्यांच्या गळ्यातल्या नळीपासून ती चार हातांवर होती. मी म्हणू शकले असते, साहेब, हिलाही बघा. मी रजिस्टरकडं बघितलं आणि पुढचं नाव पुकारलं.

पुढच्या आठवड्यात गावात गोवर आला. सगळ्यांना आला, सगळी पोरं उठली. मंगलला मागून हगवण लागली आणि पाच दिवसांत संपली. दुप्पट सुकडी मिळाली असती तर वाचली असती का? मला माहीत नाही. रात्रंदिवस विचार करून एवढंच हाती येतं की माहीत नाही. पण तुम्हाला तरी ते माहीत होतं का? तुम्ही तर विचारच केला नाहीत.

ग्रामसेवक मृत्यूची नोंद करायला आले. वय अंगणवाडीच्या रजिस्टरवरून घ्यायचं, अशी रीत. तुम्ही त्या दिवशी भेटीला होतात, माझ्या शेजारी. ग्रामसेवकांनी वाचलं, "वय दीड वर्ष."

शेवंता भिंतीला टेकून बसली होती. तिनं मान वर केली.

"दीड कशी? दोन आखाज्या देख्यात तिनी. ये आखाजीले सोता झोका धरी बठनी."

ग्रामसेवक तुमच्याकडं बघायला लागले. तुम्ही म्हणालात, "दुःखात माणसाला भान राहत नाही. रजिस्टरवरचं लिहा."

शेवंता मग माझ्याकडं वळली. ओरडली नाही. नुसतं म्हणाली, "सुमनअक्का, तू त् व्हतीस ना वं तठे. सांग ना याले."

मी सांगितलं नाही.

तिची पोरगी उणेपुरे सव्वीस महिने जगली. त्यातले आठ महिने आपण दोघींनी काढून घेतले, आणि ती मेल्यावरही परत दिले नाहीत. बाहेर आल्यावर तुम्ही हळूच म्हणालात, "दुसऱ्या श्रेणीतलं मूल आहे, चौकशी लागत नाही. वाचलात, सुमनबाई." तुम्हाला वाटलं, मी आभार मानेन. त्या क्षणापासून मी तुमची शत्रू झाले. आणि ती अजून आहे. माणूस मेलं की वैर संपतं म्हणतात. संपत नाही. समोर भांडायला कुणी नसतं, एवढंच.

त्यानंतर मी कुठल्याच पोराचं वय सरकवलं नाही. तुम्ही भेटवहीत शेरा मारलात, 'सेविका हट्टी आहे. आकड्यांत सुधारणा नाही.' दर बैठकीला मला उभं केलंत. आजूबाजूच्या गावांतली पोरं कागदावर गुबगुबीत होत गेली आणि माझं गाव विभागात शेवटचं. मी उभी राहायची. पाय दुखायचे, पण उभी राहायची. एकदा चहाच्या वेळी तुम्ही बाजूला घेऊन म्हणालात, "आकडा वाढला की वरून सुकडी येत नाही, बाई, मेमो येतो. माझ्या जागी बसून बघा." हे खरं होतं. मेमोच यायचा. माझ्या गावाला कधी एक पोतं जास्त मिळालं नाही. तुमचं म्हणणं खरं होतं हे कबूल करते आणि तरी तुम्हाला माफ करत नाही. कोंबडं झाकून उजाडायचं राहत नाही, आणि ठिपका सरकवून भूक भागत नाही, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

तुम्ही निवृत्त झालात, धुळ्याला राहायला गेलात. कागदावर कमी लागलेली दोन वर्षं तुम्हाला नोकरीत जास्तीची मिळाली, हे आम्ही सेविका आपसांत म्हणायचो. चेष्टेतच. आजारी आहात कळलं तेव्हा मी यायला नको होतं. आले. का आले, मलाच ठाऊक नाही. कदाचित तुम्ही तिचं नाव काढाल म्हणून. तुम्ही खाटेवर, आवाज खोल गेलेला. मुलगी आत चहा करत होती. तुम्ही विचारलंत, "ते जुनं कार्ड जाळलंत ना?"

म्हणजे इतकी वर्षं तुमच्याही लक्षात होतं. कोणतं कार्ड, हे तुम्हाला सांगावं लागलं नाही, मला विचारावं लागलं नाही.

मी म्हटलं, "वाळवीनं खाल्लं."

"बरं झालं," म्हणालात, आणि पाणी मागितलंत. मी उठून पाणी पाजलं. हनुवटीवरून ओघळलेलं पदरानं पुसलं. तिचं नाव तुम्ही घेतलं नाहीत. मीही घेतलं नाही. परत येताना एसटीत मला स्वतःचाच इतका राग आला की शेजारच्या बाईनं विचारलं, पोट दुखतंय का.

एक राहिलं. तुम्ही गेल्याच्या तिसऱ्या दिवशी एसटीडीवाल्याकडून निरोप आला, धुळ्याहून तुमच्या मुलीचा फोन आहे. गेले. ती म्हणाली, दशक्रियेची पत्रिका छापायचीय, आईचं वय काय टाकू? ऑफिसच्या कागदावर साठ आहे, आई मात्र वेगळंच काहीतरी म्हणायची, तुम्ही जुन्या, तुम्हाला ठाऊक असेल. मी म्हटलं, बासष्ट. मामाच्या लग्नाच्या पुढच्या श्रावणातला जन्म, कानबाई उठवली त्या सकाळचा. ट्रंकेत लग्नाची पत्रिका असेल, बघून घ्या. ती म्हणाली, "राहू द्या मावशी, साठच टाकते. गेलेल्या माणसाला दोन वर्षांनी काय फरक पडतो?"

मी त्या काचेच्या खोक्यात उभी राहून भांडले, बाई. तुमच्यासाठी. तुमच्या दोन वर्षांसाठी. बाहेर लोक थांबले होते आणि मी मोठमोठ्यानं म्हणत होते, पडतो, फरक पडतो, तिची आहेत ती वर्षं, खरं तेच छापा. शेवटी पोरगी घाबरून हो म्हणाली. परवा पत्रिका आली. वय बासष्ट छापलंय.

तुमची तुम्हाला मिळाली.

मंगलचं जुनं कार्ड वाळवीनं खाल्लेलं नाही. ते सुकडीच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळून पेटीच्या तळाशी ठेवलं होतं, आता इथं पुढ्यात आहे. कडा पिवळ्या पडल्यात, पण 'आखाजी' स्वच्छ वाचता येतं. हे पत्र पुरं झालं की ते घेऊन मी शेवंताकडं जाणार आहे. जे त्या दिवशी ग्रामसेवकांसमोर सांगितलं नाही ते तिच्या ओसरीवर बसून सांगणार आहे, पेन कुणाच्या हातात होतं तेही. ती मला चपलेनं मारेल, गावात तोंड दाखवू देणार नाही, नोकरीही जाईल कदाचित. कार्डावर शेवटच्या ठिपक्याच्या पुढं जागा कोरी होती. तिथं आत्ताच शाईनं लिहिलंय, मंगल, वय दोन वर्षं दोन महिने.

बाई, आता हे खोडायला सांगणारं कुणी उरलेलं नाही.